टार्टच्या पोटात काय आहे?



दशलक्षण झाल्यावर दोघीतिघींनी विचारलं होतं, "काकू, तुमच्या त्या भाजीच्या टार्टची कृती कधी लिहिणार?" कृती आज देणारच आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे, आणि त्या कबुलीच्या मागे मी जवळजवळ दोन वर्षं जे वाचत बसले तेही सांगायचं आहे. लेख लांबला तर समजून घ्या. बी.कॉम.ला असताना आमचे सर म्हणायचे, एका बाजूची नोंद केली की दुसरी बाजू शोधायलाच हवी, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. या टार्टचा ताळेबंद माझ्याकडून बरेच दिवस जुळला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझा भाचा इटलीहून आला. येताना त्याने कडक पिवळ्या चीजचा एक त्रिकोणी तुकडा आणला होता. वर छापलेलं सगळं इटालियनमध्ये. त्याने वाचून दाखवलं, घटक तीनच: दूध, मीठ आणि 'काल्यो'. मला वाटलं, काल्यासारखं काहीतरी दह्याचं असेल. अंडं नाही, रंग नाही, मग काय भीती! मी कणकेचा टार्ट केला, वर ढोबळी मिरची आणि टोमॅटो, आणि त्यावर ते चीज भरपूर किसून घातलं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, तेव्हा ऐंशी पूर्ण झाली होती. अष्टमी-चतुर्दशी त्यांनी उभ्या आयुष्यात चुकवली नाही, बाजारचं पीठ घरात येऊ दिलं नाही. त्या दिवशी त्यांनी दोन तुकडे आवडीने खाल्ले. "तुझ्या त्या पिझ्झापेक्षा बरं आहे," असंही म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सून पुण्याहून आली. फ्रीजमध्ये उरलेला तुकडा बघून तिने मोबाईलवर तो शब्द शोधला आणि गप्पच झाली. 'काल्यो' म्हणजे रेनेट. दूध पित्या वासराच्या पोटातून काढलेलं विरजण.

मी त्या रात्री जेवले नाही. आईंना सांगावं की नाही, याच विचारात दोन दिवस गेले. सून म्हणाली, "आई, आजींना कळलं नाही तर त्यांना दोष कसा लागेल?" तिचं अगदीच चुकीचं होतं असं नाही. पण माझ्या हातून झालेलं मी झाकून ठेवायचं, हे मनाला पटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मंदिरातून आल्यावर सांगून टाकलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "वासराच्या कशाचं, म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी महिनाभर दुधाचा त्याग केला. मला मात्र वेगळंच प्रायश्चित्त दिलं. म्हणाल्या, "अर्धं शोधून खायला घातलंस, आता पुरतं शोध."

तर हा तो शोध.

आधी टार्टचं. मला वाटायचं, हे सगळं आधुनिक हॉटेलातलं खाणं. तसं नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या मुख्य आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींचा एक संग्रह केला. तो 'फॉर्म ऑफ क्युरी' या नावाने ओळखला जातो. क्युरी म्हणजे स्वयंपाक, आपल्या करीशी त्याचा काही संबंध नाही. त्याची एक प्रत पुस्तक नसून चक्क गुंडाळी आहे, आपल्या जुन्या पत्रिकेसारखी, आणि ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या संग्रहात एक टार्ट आहे, तोही उपासाच्या दिवसाचा! नावच 'एम्बर डे'चा टार्ट.

एम्बर डे म्हणजे ख्रिस्ती लोकांचे वर्षातून चार वेळा येणारे व्रताचे दिवस. प्रत्येक ऋतूत एकदा, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन तीन दिवस. आपली अष्टाह्निका आषाढ, कार्तिक आणि फाल्गुन अशी वर्षातून तीनदा येते, त्यांचं हे चारदा. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. सहाशे वर्षांपूर्वी थंड देशातली कुणी बाई ऋतू बदलला की "आज व्रत आहे, जेवायला काय करू" म्हणून चुलीपाशी उभी असेल, हे चित्र मला फार ओळखीचं वाटलं. अर्थात त्यांचं व्रत म्हणजे मांस वर्ज्य. अंडं चालायचं, कांदा तर मुख्यच. कृती अशी: कांदा आणि पालेभाज्या अर्धवट उकडायच्या, पिळून पाणी काढायचं, बारीक चिरायचं, खलात कुटलेल्या 'हिरव्या' चीजमध्ये अंडं फेटून ते मिसळायचं. त्यात लोणी, केशर, मीठ, काळ्या मनुका, थोडी साखर, गोडसर मसाल्याची पूड, आणि मग भाजायचं. गंमत म्हणजे काही प्रतींत चीजच्या जागी पाव लिहिलेला आहे. हस्तलिखित उतरवून घेणाऱ्यांच्या चुका आपल्या शास्त्रभांडारातही कमी नाहीत.

आता हे हिरवं चीज म्हणजे रंगाने हिरवं नव्हे. आपण ओला नारळ म्हणतो, ओले काजू म्हणतो, तसं ते ताजं, न मुरलेलं चीज. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी मला तोच उपयोगी पडला.

आणि वरचं आवरण? त्या काळच्या कृतींत टार्टच्या पिठाच्या वाटीला 'कॉफिन' म्हणतात. तेव्हा त्याचा अर्थ पेटी किंवा टोपली एवढाच होता. ओव्हनमध्ये सारण सांडू नये म्हणून पिठाचंच भांडं करायचं. आज ज्याला गावठी टार्ट किंवा फ्रेंचमध्ये गॅलेट म्हणतात, त्याला साचाही लागत नाही. पोळी लाटायची, मधे भाजी ठेवायची, कडा आत दुमडायच्या. इटलीत जिनोव्हाकडे ईस्टरला असाच भाजीचा आणि ताज्या चीजचा 'तोर्ता पास्क्वालिना' करतात, येशूच्या वयाची आठवण म्हणून पिठाचे ३३ पापुद्रे देतात म्हणे. आमच्या घरात ३३ पापुद्रे लाटायला कुणी बसणार नाही, ते राहू दे.

युरोपातल्या उपासांचं वाचताना एक गोष्ट कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा मोठा उपास. त्यात एके काळी मांसाबरोबर दूध, लोणी, चीज, अंडी सगळंच बंद असायचं. दक्षिणेकडे ऑलिव्हचं तेल होतं, त्यांचं भागायचं. उत्तरेतल्या लोकांनी काय करायचं? मग चर्चने पैसे घेऊन लोणी खायची सवलत द्यायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये रुआँच्या कॅथेड्रलचा एक उंच मनोरा आहे, त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला, तो या सवलतीच्या पैशांतून, असं सांगतात. मी हे आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे सवाल बोलतात की." मी म्हटलं, आपल्याकडे सवाल अभिषेकाचे होतात, लोणी खाण्याचे नाही. ते हसले, पण मी नंतर बराच वेळ विचार करत होते. आपल्याकडे तर लोणी मुळातच अभक्ष्यात. ताक घुसळून लोणी निघालं की दोन घटिकांच्या आत कढवून तूप करायचं. लहानपणी आजी लोण्याचा गोळा हातात घेऊन चुलीकडे अक्षरशः धावायची, त्याचं कारण तेव्हा कळलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, विरजणाचा.

दूध दोन रीतींनी फाटतं. एक आंबटपणाने, म्हणजे लिंबू, ताक, तुरटी घालून. आपलं पनीर तसं होतं. दुसरी रीत रेनेटची. वासरू आईचं दूध पितं, ते त्याच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या चौथ्या कप्प्यात जातं. तिथे कायमोसिन नावाचा एक पाचक रस असतो. तो दुधातल्या केसीन या प्रथिनाचा एक बारीक धागा नेमका तोडतो, की दूध घट्ट बसतं. दूध पातळच राहिलं तर पोटातून भरकन पुढे जाईल आणि अंगी लागणार नाही, म्हणून ही योजना. वासरू चरायला लागलं की हा रस कमी होत जातो. म्हणून चीजवाल्यांना पिता वासराच लागायचा. आईचं दूध पचावं म्हणून त्याला जे मिळालं होतं, त्यासाठीच त्याचा जीव जायचा. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं.

आंबटपणाने फाटलेलं पनीर तापवलं तरी वितळत नाही. रेनेटने बसलेलं चीज वितळतं, ताणतं, महिनोन्‌महिने मुरतं. सगळी मौज आणि सगळी अडचण इथेच आहे.

चीज फार जुनं. पोलंडमध्ये सुमारे ७००० वर्षांपूर्वीची छिद्रांची मातीची भांडी सापडली आहेत, त्यांत दुधाच्या स्निग्धांशाचे अंश मिळाले. कातडी पिशवीतून दूध नेणाऱ्या प्रवाशाचं दूध वाटेत आपोआप बसलं, ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती गोष्टच आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. पहिल्या शतकात कोलुमेला नावाचा रोमन माणूस होऊन गेला. त्याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. दूध विरजायला कोकराचं किंवा करडाचं रेनेट घेतात हे तो सांगतोच, पण त्याच्या बरोबरीने रानटी काटेरी झाडाचं फूल, करडईचं बी आणि अंजिराच्या झाडाचा चीक यांनीही दूध बसतं असं लिहितो. करडई! आमच्या सोलापूरकडच्या माहेरी शेताच्या कडेला करडईची काटेरी रांग असायची, गुरं आत येऊ नयेत म्हणून. अंजिराच्या चिकाने दूध बसतं हे तर होमरच्या इलियडमध्येही उपमा म्हणून आलं आहे. म्हणजे जीव न घेता चीज करण्याची वाट दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होती.

मग ती का मोडली? पूर्ण मोडली नाही. पोर्तुगालमध्ये 'सेरा दा एस्त्रेला' नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज आजही काटेरी फुलांच्या पाण्यानेच विरजतात. पण या फुलांचा रस केसीनला नेमका एका जागी तोडत नाही, तोडतच राहतो. गाईच्या दुधाचं चीज जास्त दिवस मुरवलं की कडवट होतं. शिवाय जिथे मांस खाल्लंच जायचं तिथे वासराचं पोट घरातच उरायचं. फुकट मिळणारी वस्तू सोडून कोण फुलं गोळा करत बसणार! व्रताचा तो एम्बर डेचा टार्टसुद्धा बहुतेक वेळा रेनेटच्या चीजनेच होत असणार. मांस वर्ज्य, आणि टार्टच्या पोटात मात्र वासराचं किंवा कोकराचं पोट. त्यांच्या हिशेबात ते धरलंच जात नव्हतं.

पुढचा इतिहास कारखान्यांचा. १८७४ मध्ये कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियन हान्सेन या रसायनशास्त्रज्ञाने प्रमाणित रेनेटचा धंदा सुरू केला. त्याआधी प्रत्येक शेतकरी वाळवलेली पोटं मिठाच्या पाण्यात भिजवून अंदाजाने घालायचा, आता बाटलीवर मात्रा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर चीजचा खप वाढला आणि वासरं पुरेनात. तुटवडा आला की पर्याय निघतो, हे आम्हाला अर्थशास्त्रात पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. १९६० च्या दशकात टोकियो विद्यापीठातल्या केई अरिमा यांनी दूध बसवणारी एक बुरशी शोधली. त्यातून सूक्ष्मजीवजन्य रेनेट आलं. मग १९९० मध्ये अमेरिकेने आणखी एका पद्धतीला परवानगी दिली. वासराच्या कायमोसिनचा जनुक सूक्ष्मजीवात घालायचा आणि टाकीत हवं तेवढं कायमोसिन तयार करायचं. आता त्यासाठी वासरू मारावं लागत नाही. तिकडचं बहुतेक चीज आज असंच होतं. पण पार्मिजानो रेज्जानोसारख्या जुन्या नावाच्या चीजला नियमानेच वासराचं रेनेट लागतं, दुसरं घातलं तर ते नाव लावता येत नाही.

आपल्याकडे १९६० च्या सुमारास आणंदला म्हशीच्या दुधापासून मोठ्या प्रमाणावर चीज होऊ लागलं. आज आपल्या दुकानांतल्या पुष्कळ डब्यांवर हिरवा ठिपका असतो आणि घटकांत सूक्ष्मजीवजन्य रेनेट असं लिहिलेलं असतं. वाचायची सवय मात्र ठेवा. बाहेरून आलेल्या भेटीवर ठिपका नसतो, हे मी महाग शिकले.

म्हणजे हिरवा ठिपका असला की झालं? इथे माझं आणि सुनेचं जुळत नाही. ती म्हणते, वासरू मरत नाही ना, मग खावं, आणि मुलांच्या डब्यात ती देते. मी तिला अडवत नाही. पण बुरशी हाही जीवच, आणि मुरलेलं चीज आपल्या मर्यादेत कुठे बसतं? पावसाळ्यात पीठ तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, दही आठ प्रहर, हे मोजणाऱ्या घरात सहा महिने मुरलेली वस्तू कोणत्या रकान्यात लिहायची? आणि जनुक मूळ वासराचा, त्याचं काय? मी दोन ठिकाणी विचारलं, दोन उत्तरं मिळाली. मी माझ्यापुरतं चीज सोडलं. टार्ट सोडला नाही.

कारण राजाच्या आचाऱ्यांनीही हिरवं, ओलं चीजच घातलं होतं, आणि आपलं पनीर म्हणजे तेच की. गंमत अशी की आईंना पनीरही फारसं पसंत नव्हतं. "चांगलं दूध मुद्दाम नासवायचं कशाला?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. दूध नासलं तर कलाकंद करायचा, पण जाणूनबुजून नासवणं त्यांना अपशकुनासारखं वाटायचं. मी त्यांना अंजिराच्या चिकाचं आणि करडईच्या बियांचं वाचून दाखवलं. करडईचं ऐकून त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "मग लिंबूच बरं. घरात आहे."

तर कृती. घरी दळलेली मर्यादेतली कणीक दोन वाट्या, मीठ, ओवा. थिजलेलं तूप पाऊण वाटी, फ्रीजमध्ये ठेवून आणखी कडक केलेलं. लोणी नाही. लोण्यात पाणी असतं, त्याची वाफ होऊन पदर सुटतात. तुपात पाणी नसल्याने पदर कमी सुटतात, पण खुसखुशीतपणा नानकटाईसारखा येतो. हे मोहन बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तूप वितळतं. रवाळ झालं की गाळलेलं गार पाणी चमच्याचमच्याने, गोळा जेमतेम जमेल इतकंच. मळायचं नाही. अर्धा तास झाकून गार ठेवायचा. खमीर लागत नाही, म्हणून पिझ्झापेक्षा मला हा बरा वाटतो.

एक लिटर दुधाचं लिंबाने पनीर, त्याच दिवशीचं. हाताने कुस्करून मीठ, मिरपूड, जिरेपूड, आणि बांधायला एक चमचा तांदळाचं पीठ. अंड्याऐवजी बेसन घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण दुधाच्या पदार्थात डाळीचं पीठ म्हणजे द्विदलाचा प्रश्न, म्हणून मी टाळते. मटारही त्याच कारणाने नाही. भाज्या म्हणजे ढोबळी मिरची, दोडका, टोमॅटो, मक्याचे दाणे. दोडक्याच्या आणि टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा, नाहीतर खालची पोळी गिचका होते. त्या जुन्या आचाऱ्यांनीही भाजी पिळायला सांगितलीच होती.

पोळी जरा जाड लाटा, ताटाएवढी. मधे पनीर पसरा, वर भाज्या, तीन बोटं कड सोडून. कड आत दुमडत जा, कुठे फाटली तर पिठाचा तुकडा चिकटवा, गावठीच आहे तो. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून घ्या, मग ३५ ते ४० मिनिटं. आमचं जुनं गोल ॲल्युमिनियमचं भांडं अजून चालतं, त्यात थोडा जास्त वेळ लागतो आणि तळ आधी लाल होतो. पूर्वी आम्ही नानकटाई बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचो, तेव्हा आधीच्या घाण्यात काय भाजलं होतं हे कोणी विचारत नसे.

वेळेचा हिशेब उलटा लावा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे पाचला टार्ट ताटात हवा, कापायच्या आधी दहा मिनिटं निवायला हवा, म्हणजे चारला ओव्हनमध्ये, तीनला पीठ. मी पहिल्यांदा हा पनीरचा केला तेव्हा साडेपाच वाजले होते आणि आई पाटावर बसून खिडकीकडे बघत होत्या. मी ताट पुढे ठेवलं. त्यांनी आधी विचारलं, "सगळं पाहिलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी कडेचा तुकडा मोडून खाल्ला, मग मधला.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.